मल्हारच्या बाटलीत काय निघालं

येलदरी
११ नोव्हेंबर २०२३

अपेक्षा मॅडमला शीलाचा रामराम.

तुमी मला ओळखत न्हाईत. दसऱ्याच्या आधी पोलीस ठाण्याच्या कोठडीत तुमी एका पोराला प्रश्न इचारले आणि प्लास्टिकच्या बाटलीत त्याची लघवी घेतली, त्या मल्हारची मी थोरली बहीण. तुमी लय जणांना भेटत असाल, पण ह्यो तुमाला आठवंल. उंच, सावळा, गळ्यात काळा दोरा. सख्ख्या थोरल्या भावाला मारल्याच्या गुन्ह्यात धरला त्यो.

कोर्टात तारखेला आणला तवा त्यानं मला तुमचा कागद दिला. त्यावर लिवलंय की पकडलेल्या माणसांनी काय काय नशा केलती ते मोजायचा हा अभ्यास हाय, नाव कुठं येणार न्हाई, आणि काही इचारायचं असंल तर ह्या पत्त्यावर इचारा. फोन नंबर बी हाय. पण घरात फोन लावला की माय येऊन शेजारी बसती, आणि बाहेर उभं राहून बोलावं तर वाडीचे कान. म्हणून पत्र.

आमी मेंढरंवाले. वडील धोंडीबा लवकर वारले. मल्हार तवा रांगत हुता, त्याला रामहरीदादानंच खांद्यावर वाढवला. मी लगीन होऊन पालमला गेले, तिथं शिवणकाम करते. सध्या मायपाशी येऊन राह्यलेय, कारण घरात आता माय आणि दादाची बायको बबितावहिनी दोघीच हायत.

दोन वर्सामागं मल्हार वाईट संगतीनं बटन खायला लागला हुता. बटन म्हणजे त्या झोपेच्या गोळ्या, तुमाला माहीतच असंल. दादानं त्याला मारलं, समजावलं, पाया बी पडला, आणि सोडवलं. सुटलं असं आमी धरून चाललो. त्या दिवशी सांजच्याला दोघं भाऊ धरणाच्या पाण्यावर मेंढरं पाजायला गेलते. काय बोलणं झालं कोणाला ठाव न्हाई. मासे धरणाऱ्यांनी लांबून पाह्यलं. मल्हारनं हातातली काठी एकदाच मारली, कानशिलावर. दादा तिथंच गेला. मल्हार पळाला न्हाई. पोलीस येईस्तोवर दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसला हुता.

माय आता मल्हारचं नाव घेत न्हाई. एकच म्हणती, "त्यानं बटन खाल्लं असंल तर ते बटनानं केलं, माझ्या लेकानं न्हाई. मी जाईन त्याला भेटाया. आन शुद्धीवर असून केलं असंल तर त्याचं तोंड मला दावू नका. मी मेले तरी त्याला कळवू नका."

उद्या दिवाळी हाय. वाडीत समद्यांच्या दारात पणत्या मांडायलेत. आमच्या दारात माय बसलीय.

म्हणून इचारते मॅडम, त्या बाटलीत काय निघालं? मल्हारला इचारलं तर नुसतं म्हणतो, "मॅडमला माहीत हाय."

शीला


परभणी
२० नोव्हेंबर २०२३

शीलाताई,

तुमचं पत्र ऑफिसात मिळालं. दोनदा वाचलं. तुमच्या घरावर जे कोसळलं त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत त्याचंच उत्तर देते.

आमचं काम असं असतं. माणसाला अटक झाली की दोन दिवसांच्या आत आम्ही त्याला भेटतो. चोरी असो, मारामारी असो, खून असो, आम्ही गुन्ह्याबद्दल विचारत नाही. तू काय घेतोस, कधीपासून, शेवटचं कधी घेतलंस, एवढंच. तो तयार असेल तरच. मग बाटली. तोंडानं सांगितलेलं आणि बाटलीत निघालेलं ताडून बघायचं. बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो. पकडलेल्या किती माणसांच्या अंगात काय होतं हे कळलं, तर निदान उपचाराची सोय कुठं लागेल ते तरी सरकारला सांगता येईल.

हे पोलिसांना सांगायचं नाही, कोर्टाला नाही, वकिलाला नाही, घरच्यांनाही नाही. मी प्रत्येकाला तसा शब्द देऊन बाटली पुढं करते. एकदा जरी मोडला तरी पुढच्या कोठडीतला माणूस माझ्याशी खरं का बोलेल?

तेव्हा ताई, मी तुम्हाला "हो" सांगू शकत नाही आणि "नाही" पण सांगू शकत नाही. माझ्या गप्प राहण्यातूनही काही अर्थ काढू नका.

तुमचा भाऊ मला आठवतो. खरं तर एवढंही मी लिहायला नको होतं.

पुन्हा लिहावंसं वाटलं तर पूर्णेच्या माझ्या घरच्या पत्त्यावर लिहा. मी रोज तिथूनच गाडीनं ये-जा करते. ऑफिसातली पत्रं सगळ्यांसमोर उघडली जातात.

आईंना जपा.

अपेक्षा


येलदरी
२ डिसेंबर २०२३

मॅडम,

तुमचं पत्र मिळालं. त्याचं मी काय केलं ते सांगायला हे लिहायलेय. पण आधी इथलं सांगते, मग तुमाला समजंल.

दादा मेंढरं माघारी वळवताना जिभेनं एक आवाज काढायचा. लांबून ऐकला तरी कळायचं की रामहरी आला. दिवस कलला की माय अंगणाच्या टोकाला जाऊन बसती. म्हणती, आवाज येतो. मला वाटलं दुःखानं म्हातारीचे कान वाजायलेत. पण बुधवारी मी सोता पाह्यलं. सांज हुती, वारं पडलेलं. जाळीत कोंडलेली समदी मेंढरं एकदम मान वर करून पाण्याकडं बघायली. कोकरू सुदिक ओरडंना. मला कुठला आवाज आला न्हाई, पण त्येंनी काहीतरी ऐकलं हुतं. मग जशी वर केलती तशीच एकदम मान खाली घातली.

मी वहिनीकडं पाह्यलं. ती चुलीपाशी भाकरी थापायली हुती. शेजारचं कोणी येऊन गेल्याचं सांगावं तसं म्हणली, "रोज ह्याच वक्ताला येतेत."

अशा घरात तुमचं पत्र आलं. पोस्टमननं ते मायच्याच हातात दिलं. तिला वाचता येत न्हाई, पण शिक्का बघून तिला कळलं. मी शिवायला बसले हुते. मांडीवर पत्र ठेवून माय माझ्यासमोर बसली आणि म्हणली, "वाच."

मी वाचलं. तुमी लिवलंय ते आख्खं वाचलं. बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो, समदं. शेवटी आले तवा तिचं तोंड बघितलं आणि त्यात नव्हतं ते बी वाचलं. म्हणलं, मॅडमनी लिवलंय, बटन निघालं.

वहिनी पाण्याला गेली हुती. तिला वाचता येतं. ती असती तर माझी हिंमत झाली नसती.

मायनं कागद माझ्या हातातून घेतला आणि डोळ्याला लावला. म्हणली, "मला ठाव हुतं. मी काही राक्षस जन्माला घातला न्हाई." त्या दिवशी ती पोटभर जेवली. लय दिसांनी.

येत्या मंगळवारी तिला तुरुंगातल्या मुलाखतीला परभणीला न्यायचं हाय. तिनं मल्हारसाठी लाडू करायला घेतलेत. मी सांगितलं आत नेऊ देत न्हाईत, तरी करायलीय.

मी तुमच्या नावानं खोटं बोलले. तुमाला राग येणार, येऊ द्या. पण तुमी त्या वक्ताला माझ्या जागी बसला असता तर तुमी बी तेच वाचलं असतं.

शीला


पूर्णा
८ डिसेंबर २०२३

शीलाताई,

राग आला, हे खरं. पत्र टेबलावर ठेवून मी उठून गेले. पण राग उतरल्यावर जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही.

मंगळवार उलटून गेलाय, पण मुलाखत पुढं ढकलली असेल तर थांबा. मल्हारला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दलची कुठलीच गोष्ट आईंच्या मनात घालू नका. त्याला काय हवंय ते तुम्हाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. तुमचं पत्र वाचल्यापासून त्याचीही खात्री राहिली नाही.

मी अजून कोठड्यांतून फिरते. पोरं येतात, बसतात, हसतात, खोटं बोलतात, बाटली घेऊन जातात. पूर्वी गाडीत बसले की हे सगळं परभणीच्या स्टेशनावर राहून जायचं. आता त्यातला एक जण माझ्यासोबत पूर्णेपर्यंत येतो. तो त्या दिवशी माझ्याशी जे बोलला ते मी कुठल्याही बाटलीकडे बघितलं की ऐकू येतं. काय बोलला ते लिहिता येत नाही. कालच्या ठाण्यात एका मोबाईलचोराच्या बाटलीत बुडवलेली तपासणीची पट्टी मी उगाच तीन-तीनदा बघत बसले. तो घाबरून म्हणाला, "मॅडम, काय झालं?"

थांबा, एवढंच.

अपेक्षा


पालम
२७ डिसेंबर २०२३

मॅडम,

तुमचं पत्र आलं तवा आमी मुलाखतीवरून परत आलतो.

माय नवं लुगडं नेसून गेली. गाडीत कोणाशी बोलली न्हाई, पण तोंडावर तेज हुतं. जाळीच्या पल्याड मल्हार आला. लय वाळलाय. मायला बघून त्यानं जाळी धरली, आणि लहानपणी रडायच्या आधी व्हायचं तसं तोंड केलं. माय म्हणली, "लेकरा, मला समदं कळलं. ते तू न्हाईस. ते बटनानं केलं."

मल्हार म्हणला, "कोण म्हणलं?"

"मॅडमचं पत्र आलं ना. तुझ्या बाटलीत निघालं."

मल्हारनं आधी माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली. मग मायकडं बघून म्हणला, "माय, तू बी?" बस, एवढंच म्हणला आणि आत निघून गेला. वेळ संपायची हुती अजून. माय जाळीपाशी "मल्हार, मल्हार" करत राह्यली. पुढच्या दोन मंगळवारी आमी गेलो तर आतून निरोप आला, भेटायचं न्हाई म्हणतो.

मायला काही उमजंना. ती म्हणती, मी माफ केलं तरी ह्यो काहून रुसला?

मला बी उमजंना. म्हणून कोर्टाच्या तारखेला मी एकटीच गेले. व्हरांड्यात पोलीसदादांना हात जोडले, तवा जरा वेळ बोलू दिलं. मल्हारनं जे सांगितलं ते लिवते.

एक मेंढी विताना आडली हुती. मल्हार रातभर तिच्यापाशी बसून हुता, दुसऱ्या दिवशी बी झोप न्हाई. डोळे लाल झाले हुते. सांजच्याला पाण्यावर दादानं त्याची हनवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं.

"परत खाल्लंस."

"न्हाई दादा."

"डोळे बघ तुझे."

"जागून झालेत. खाल्लं न्हाई. नीट बघ."

दादानं त्याचे खिसे उलटे केले. मासेवाले बघायलेत. खिशात काडीपेटी आणि मेंढीच्या औषधाची पुडी, बाकी काही न्हाई. मल्हारला वाटलं आता तरी मानंल. दादा म्हणला, "आता लपवायला बी शिकलास."

तवा हात उठला.

मल्हार म्हणला, "ताई, मारलं मीच. शुद्धीवर मारलं. हे मी कुठं बी कबूल करतो. पण खाल्लं नव्हतं. दादा पाया पडला त्या दिवसापासून सोडलं ते सोडलंच हुतं. दादानं मानलं न्हाई. मॅडमनी पट्टी बुडवली तवा मी बघत हुतो, मॅडमच्या तोंडाकडं बी बघत हुतो. तिथं पयल्यांदा कोणीतरी मानलं. आन आता मायला तुमी सांगायलात, खाल्लं हुतं म्हणून."

वकील म्हणतात नशेत हुता असं म्हणलं तर केस जरा हलकी व्हईल. मल्हार म्हणतो, फाशी झाली तरी तसं म्हणणार न्हाई.

मॅडम, कोर्टातनं मी सरळ पालमला आलेय, घरी जाऊन मायला सांगू शकत न्हाई. मी सांगितलं तर ती म्हणंल, आधी खोटं बोललीस का आता बोलायलीस? तिच्यासाठी तुमचंच पत्र खरं. सोबत मल्हारच्या हाताची चिठ्ठी हाय. "माझ्या बाटलीत काय निघालं ते मॅडमनी माझ्या मायला सांगावं. माझी हरकत न्हाई." खाली सही हाय. तुमी शब्द त्याला दिलता, त्योच आता तुमाला त्यातनं सोडवायलाय. एवढ्यानं चालंल का?

तुमी मायच्याच नावानं लिवा, कासाबाई तिचं नाव. ह्या वक्ताला मी अक्षर बी इकडचं तिकडं करणार न्हाई. वहिनीला शेजारी बसवीन.

शीला


पूर्णा
५ जानेवारी २०२४

कासाबाई मावशी,

मी अपेक्षा. तुमच्या मल्हारला कोठडीत भेटले ती. हे पत्र शीलाताई वाचून दाखवतील. बबिताताईंनी शेजारी बसून बघावं, म्हणजे तुमच्या मनात शंका राहायला नको. हे मी मल्हारच्या परवानगीनं लिहिते आहे.

मल्हारच्या बाटलीत काही निघालं नाही. झोपेची गोळी नाही, गांजा नाही, दारू नाही, काहीच नाही.

माझ्या आधीच्या पत्रात मी असं काही लिहिलंच नव्हतं. बटन निघालं हे शीलाताईंनी आपल्या मनानं वाचलं. तुम्ही जेवत नव्हतात, म्हणून वाचलं. त्यांच्यावर चिडू नका.

त्या दिवशी काय झालं ते सांगते. कोठडीतली बहुतेक पोरं मला सांगतात, काही घेतलं नाही, आणि बाटली पुढं केली की नजर चुकवतात. मल्हारनं बाटली स्वतःहून मागितली. मी पट्टी बुडवली. एकेका नशेसमोर दोन रेघा उमटल्या की समजायचं, ती अंगात नाही. मल्हारच्या पट्टीवर सगळीकडे दोन-दोन रेघा आल्या. तो म्हणाला, "मॅडम, नीट बघा." मी दुसरी पट्टी काढून पुन्हा बुडवली. तेच. मग तो भिंतीला डोकं लावून रडला.

मावशी, मला तेव्हा वाटलं, याला काहीतरी निघायला हवं होतं. गोळी निघाली असती तर दोष गोळीवर गेला असता. अशी माणसं मी पाहिली आहेत. म्हणून मी त्याला जरा कोरडेपणानं म्हणाले, "जे आहे ते आहे," आणि सामान आवरून निघाले. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्या कानात "नीट बघा" म्हणत होता आणि मला वाटत होतं तो सुटका मागतोय. त्याला सुटका नको होती, हे मला शीलाताईंच्या पत्रानं कळलं. रामहरींनी मानलं नाही ते कुणीतरी मानावं, एवढंच त्याला हवं होतं. ते मानणारी मीच होते आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

पट्टीला फार थोडं कळतं. मागच्या काही दिवसांत काय पोटात गेलं, तेवढंच. हात का उठला ते तिला विचारता येत नाही.

तुमचा लेक शुद्धीवर होता, हे मला लिहावं लागतंय. तो खोटं बोलत नव्हता, हेही लिहिते. दोन्ही एकाच पट्टीवर आहे. एक ठेवून दुसरं तुमच्यापासून लपवता आलं असतं, तर मावशी, मीही कदाचित लपवलं असतं.

तुमच्या पाया पडते.

अपेक्षा


परभणी
३० जानेवारी २०२४
(पोस्टकार्ड)

शीलाताई, पत्र पोचलं का? दोन ओळी कळवा. मल्हारची चिठ्ठी आणि सगळा प्रकार मी वरिष्ठांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. सध्या माझं ठाण्यांवर जाणं बंद आहे, ऑफिसात बसून माहिती भरते. काल "काही आढळलं नाही" या रकान्यात भरता भरता एका क्रमांकाशी हात थांबला. शेजारचीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. आई कशा आहेत? अपेक्षा


पालम
३ मार्च २०२४

अपेक्षाताई,

आता मॅडम म्हणत न्हाई, चालंल ना? उशीर झाला. लिवायला बसले की काय लिवावं कळंना, कारण इथलं काही एका जागी ठरंना.

तुमचं पत्र मी वहिनीला शेजारी घेऊन वाचलं. "काही निघालं नाही" इथं आले तवा वाचायची थांबले, तर वहिनीनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं तिनंच वाचलं. माय भिंतीला टेकून ऐकत हुती. संपल्यावर तिनं वहिनीला इचारलं, "हेच लिवलंय?"

"हेच लिवलंय."

माय उठली आणि मेंढरांकडं गेली. मला वाटलं आता शिव्या देईल, मला घराबाहेर काढंल. काहीच न्हाई. त्या दिवसापासून माझ्याशी बोलली बी न्हाई. मी पालमला निघाले तवा डोक्यावर हात ठेवला, पण तोंड दुसरीकडं.

वहिनी मला गाडीपर्यंत सोडायला आली. वाटंत म्हणली, "त्येंनी मानायला पाहिजे हुतं वो. खिसे बघितले, मग मानायला पाहिजे हुतं." आणि रस्त्यात खाली बसून रडली. दादा गेल्यापासून तिला रडताना मी पयल्यांदा पाह्यलं. मी म्हणलं, तू माहेरी जातीस का? ती म्हणली, "मी गेले तर सांजच्याला इथं कोण असंल?"

तुमचं कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मायचा निरोप आला की मंगळवारी परभणीच्या स्टँडवर ये. मी गेले. माय एकटीच येलदरीवरून आलती. जुनंच लुगडं, हातात काही न्हाई. म्हणलं, "माय, तू म्हणली हुतीस त्याचं तोंड बघणार न्हाई."

माय म्हणली, "रामहरीला शेवटचं कोणी पाह्यलं?"

मी तुरुंगाच्या रस्त्याकडं बघितलं.

"त्यानंच ना? मग मी दुसऱ्या कोणाला इचारू?"

मल्हारला निरोप गेला की माय एकटी नसून ताई बी हाय आणि पत्र वाचलंय. तवा आला. जाळी धरली न्हाई, लांबच उभा राह्यला. मायनं त्याला कसा हायेस इचारलं न्हाई, माफीचं न्हाई, बटनाचं न्हाई. म्हणली, "त्या दिवशी सकाळी रामहरी उठला तवा पयलं काय बोलला?"

मल्हारला कळंना. मग म्हणला, "मेंढी सुटली का म्हणला."

"तू काय म्हणला?"

"सुटली म्हणलो. मादी हाय म्हणलो."

"हसला का त्यो?"

"हसला. म्हणला, हिला इकायची न्हाई."

माय डोळे मिटून ऐकत हुती. भाकर कशासंगं खाल्ली? चिलीम ओढली का? वहिनीवर कशावरून चिडला हुता? मल्हार एकेक सांगायला लागला. त्याला वाटलं भरभर सांगून मोकळं व्हावं, म्हणून म्हणला, "मग माय, सांजच्याला..." मायनं हात वर केला. "थांब. सांज लांब हाय."

तितक्यात वेळ संपली.

तवापासून माय दर मंगळवारी जाती. मी बी जाते. प्रत्येक खेपेला थोडं पुढं. परतीच्या गाडीत माय खिडकीपाशी बसून ते पुटपुटत येती, मेंढी सुटली का म्हणला, हिला इकायची न्हाई म्हणला. शेजारच्या बायांना वाटतं म्हातारी पोथी म्हणायली. घरी गेल्यावर वहिनीला समदं सांगती. वहिनी म्हणती, मेंढरं अजून सांजच्याला मान वर करतात. माय आता अंगणाच्या टोकाला जात न्हाई, आतूनच म्हणती, "आला का? येऊ दे."

मल्हारची हालत काय सांगू. सकाळचं सांगताना त्याचा आवाज चांगला असतो. एकदा तर दादा कसा पाय घसरून चिखलात बसला ते सांगताना हसला, माय बी हसली. दोघं हसले आणि मग एकमेकांकडं बघंनात. पण जसजसा त्या दिवसाचा दिवस कलायला लागला तसतसा त्यो खोल आवाजात बोलायला लागला. मागच्या खेपेला ते झाडाखाली सावलीला बसल्यापर्यंत आले. दादानं आपल्या डोक्याखालचं घोंगडं काढून मल्हारला दिलं, म्हणला तू जागलाईस, जरा पड. मल्हारला झोप लागली न्हाई. इथून पुढं उठून पाण्यावर जायचं, एवढंच राह्यलंय.

तारखेला मल्हारनं मला इचारलं, "ताई, पाण्यापर्यंत आलं की माय मग येईल का?"

माफ केलं का हे मायला इचारायची माझी हिंमत न्हाई. मला वाटतं तिला बी ठाव नसंल.

ह्या मंगळवारी आमी गेलो. मल्हार आधीच येऊन उभा हुता. घामानं निथळत हुता. मल्हार म्हणला, "मग आमी उठलो, मेंढरं वळवली..."

माय म्हणली, "सकाळचं काही राह्यलंय. त्यो उठला तवा अंगावर कोणता सदरा हुता?"

मल्हार तिच्याकडं बघत राह्यला. मग पुढं आला, दोन्ही हातांनी जाळी धरली, आणि परत सकाळपासून सांगायला लागला.

तुमची
शीला